माहिती देणारी: धाकटी बहीण

४ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

'सप्रेम' लिहीत नाही. सात वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिलेली नाही, तेव्हा ते खोटं ठरेल, आणि खोटं तुम्हाला लगेच ओळखता येतं म्हणे. तुमचं कामच ते. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही. पाकीट निदान फोडावं लागतं.

तुमची भाची, खारू, गेल्या गुरुवारपासून मनोरुग्णांच्या वॉर्डात आहे. चार आठवडे ती चष्म्याच्या दुकानात कामाला गेली नव्हती. आधी म्हणाली डोकं दुखतं, मग काहीच म्हणेना. आंघोळ नाही, जेवण नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड. लहानपणी ही पोरगी घरभर खोडरबरं लपवायची आणि कुठे लपवली ते स्वतःच विसरायची, म्हणून तिला खारू म्हणायला लागलो. त्या दिवशी मला म्हणाली, "आई, या वेळी मी मलाच कुठेतरी ठेवलंय. सापडत नाहीये." मी शिवणाचं मशीन तसंच उघडं टाकलं आणि गाडी बोलावली.

यांना जिथे नेलं होतं तोच दवाखाना. तोच जिना, तोच वास. भिंती तेवढ्या पिवळ्याच्या हिरव्या केल्यात.

दुसऱ्या दिवशी माझी मुलाखत झाली. पेशंटची वेगळी घेतात, घरच्यांची वेगळी. लहानशी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. विचारणारी मुलगी तिशीच्या आतली. पेनाचं बटण सारखी टकटक दाबते, म्हणून मी तिचं नाव पेनवाली ठेवलंय. तिच्यापुढे तीन कागद होते. एक शरीराचा: झोप, भूक, जुनी दुखणी, घराण्यातली दुखणी. एक मनाचा: स्वभाव कसा, काय लागलं, काय खुपलं. एक माणसांचा: घरात कोण, दारात कोण, कोणाशी पटतं, कोणाशी वैर. ती म्हणाली, "काकू, तिन्ही जोडल्याशिवाय माणूस दिसत नाही." मला पटलं. नुसत्या बाहीवरून सदरा कोणाचा ते कळत नाही.

तिने विचारलं, "आईकडून, वडिलांकडून, घराण्यात कोणाला मनाचा आजार?" मी म्हटलं, नाही. मग खारूच्या झोपेबद्दल बोलता बोलता मध्येच, "घरातलं कोणी कधी बरेच महिने लांब राहिलं होतं का? कारण नीट न सांगता?" मी म्हटलं, नाही. मी उठले, दारापर्यंत गेले, तर मागून, "आणि कोणी रोज गोळी घ्यायचं, पण कशाची ते कोणाला धड माहीत नाही, असं?"

मी म्हटलं, "बाई, तीनदा विचारलंस. मी काय चोर दिसते?"

ती हसली. "आमच्या मॅडमनी शिकवलंय, काकू. घराण्याचा प्रश्न तीनदा विचारायचा, तीन तऱ्हांनी. पहिल्यांदा माणूस घराची अब्रू सांगतो. दुसऱ्यांदा पाठ केलेलं सांगतो. तिसऱ्यांदा सांगितलं तर खरं सांगतो."

मॅडम कोण म्हणून विचारलं, तर तिने तुमचं नाव घेतलं. मी तुमची कोण ते मी सांगितलं नाही.

पण घरी आले आणि चैन पडेना. सासूबाईंच्या तोंडून एकदा एक अर्धं वाक्य निसटलं होतं. ते काय, ते आज लिहीत नाही. आज सरळ विचारते, पहिल्यांदा: मामंजींना मनाचा आजार होता का? सोमवारपासून खारूला उदासीची गोळी चालू केलीय. उत्तर लवकर हवं.

तुमची वहिनी

९ फेब्रुवारी

वहिनींस नमस्कार.

खारूचं वाचून वाईट वाटलं. तिच्यासाठी मी उत्तर लिहीत आहे, तुमच्यासाठी नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट असलेलं बरं.

अण्णांना मनाचा आजार नव्हता. त्यांना छातीचा विकार होता आणि शेवटी हृदयाने दगा दिला. त्यांच्या आजारपणात मीच त्यांच्याजवळ असायचे. मला माहीत नसेल ते तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्ही घरात आलात तेव्हा ते बरे होऊन सात वर्षं झाली होती.

मी अठ्ठावीस वर्षं या मुलाखती घेते. संकट आलं की नातेवाईक रक्तात कारण शोधायला लागतात, कारण घरात शोधणं जड जातं. हे मी सर्वसाधारण सांगते आहे, अंगावर घेऊ नका. पण विचारलंच आहे म्हणून: दादाचे बूट अजून दाराशी पुसून ठेवलेले असतात, असं मला खारूनेच सांगितलं होतं. सात वर्षं ज्या घरात एकाच माणसाच्या नावाने जेवणाचं ताट वाढलं जातं, तिथे एकोणतीस वर्षांच्या मुलीला भिंतीकडे तोंड करावंसं वाटलं तर त्यासाठी आजोबांपर्यंत जायची गरज नाही.

ती मुलगी नवी दिसते. मुलाखत कशी घेतो ते नातेवाइकाला समजावून सांगायचं नसतं, एवढं मी नक्की शिकवलं होतं.

घरच्या पत्त्यावर पत्र पाठवू नका. आमचे हे सगळी पत्रं फोडतात. लिहायचंच असेल तर ऑफिसात, पाकिटावर 'खासगी' लिहून. लिहूच नये असं मी सुचवेन.

खारूला आशीर्वाद.

१५ फेब्रुवारी

वन्सं,

ताट वाढत नाही. बूट पुसते. दोन्हीत फरक आहे, पण तुमच्या तिसऱ्या कागदावर तो मावणार नाही.

पेनवालीने यांची जुनी फाइल तळघरातून काढवली. कोपरा उंदराने खाल्लेला. अर्ज केला की बायकोला नक्कल मिळते, म्हणून मी अर्ज केला. तुम्ही पूर्वी म्हणायच्या ना, "वहिनींना सामान नको, सामान बांधलेली पुडी द्या, त्या ती वाचत बसतील." खरंच होतं. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं मी पुड्यांच्या कागदावर आणि वाचनालयातल्या मोफत खुर्चीवर शिकले. म्हणून वाचायला वेळ लागला नाही. वाचून उठायला लागला.

तुमच्याकडे प्रत नसेल, म्हणून उतरवून देते.

"माहिती देणारी: धाकटी बहीण. याच क्षेत्रातील जाणकार. माहिती विश्वासार्ह व पुरेशी."

"घराण्यात मानसिक आजार: नाही."

"कौटुंबिक स्थिती: पत्नी अल्पशिक्षित, हेकट. सतत वाचनात. पतीला टाकून बोलते. ताणाचे प्रमुख कारण."

त्या दिवशी मी कुठे होते माहीत आहे? त्याच खोलीबाहेरच्या बाकावर, यांच्या शर्टाचं बटण लावत होते. तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, "झालं वहिनी, मी सगळं सांगितलंय, आता तुम्हाला पुन्हा त्रास नको." मी तुमचे आभार मानले. मला कोणी आत बोलावलं नाही. आणि ज्याने तुमची मुलाखत घेतली तो तुमच्याच हाताखाली शिकलेला. गुरूला तीनदा कोण विचारणार? घराण्याच्या प्रश्नापुढे एकच 'नाही' आहे आणि खाली एक रेघ, पट्टी लावून मारलेली.

हेकट आहे मी. टाकूनही बोलत असेन, चिमटा काढल्यासारखं. यांना ते आवडायचं, ते उलट चिमटा काढायचे. तो संसार होता, आजार नव्हता.

आता पुढचं. यांना हीच गोळी दिली होती. नाव, रंग, वेळ, सगळं तेच. चार आठवडे काही नाही. पाचव्या आठवड्यात हे पहाटे उठून शीळ घालायला लागले. दार रंगवलं, अर्धं निळं, अर्धं तांबडं. आपण सगळे खूश. तुम्ही तेव्हा दोन दिवस आमच्याकडे राहायला होता, आठवतं? हे खुर्चीवर उभे राहून चांगले चालणारे बल्ब बदलत होते आणि मी हसत होते, की महिनाभराने का होईना, माणूस खुर्चीवर तरी चढला. तुम्ही टेबलाशी बसून बघत होता. तुम्ही हसत नव्हता. मला वाटलं, तुम्हाला माझं हसणं खुपतंय.

चार रात्री न झोपता हे कामावर गेले. सहाव्या मजल्यावर लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना जोडीदार म्हणाला, पट्टा लावा. हे म्हणाले, "पट्टा कशाला, मला हात आहेत." तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. सगळे अपघात म्हणाले. मीही सात वर्षं तेच म्हणत आले.

पेनवालीला हे सांगताना तिचं पेन थांबलं. म्हणाली, "काकू, घराण्यात चढ-उताराचा आजार असेल तर ही गोळी एकटी देत नाहीत. ती खाली गेलेल्याला वर आणते आणि कधीकधी वर थांबवत नाही." तिने मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले आहेत, तुसडे नाहीत. पण त्यांनी फाइल पुढे केली. "बाई, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण सात वर्षांनी सांगताय, आणि इथे उलट लिहिलंय. लिहून देणाऱ्या या कामातल्या जाणकार आहेत."

म्हणजे तुमच्या शब्दापुढे माझा शब्द हलका. माझ्याच पोरीच्या बाबतीत.

म्हणून दुसऱ्यांदा विचारते, दुसऱ्या तऱ्हेने. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "हे घरात नव्हते त्या आठ महिन्यांत..." आणि तुम्ही त्यांच्याकडे असं पाहिलंत, की त्यांनी पुढचं गिळलं. ते आठ महिने मामंजी कुठे होते? हे तेव्हा परगावी काम शिकत होते, यांना जे कळवलं होतं ते मला माहीत आहे. मला खरं हवंय.

तुमच्या दादाची बायको

१९ फेब्रुवारी

वहिनी,

अण्णा आठ महिने छातीच्या विकारासाठी आरोग्यधामात होते. हे तुम्हाला दादाने सांगितलं असेलच. मी पुन्हा सांगते. तिसऱ्यांदा सांगणार नाही.

ती फाइल तुमच्या हाती द्यायला नको होती. माहिती देणाऱ्याने विश्वासाने सांगितलेलं घरच्यांना दाखवायचं नसतं, हा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्या मुलीबद्दल मी तिच्या वरिष्ठांना लिहू शकते. 'हेकट' हा शब्द मी वापरला आणि आज विचारलं तरी वापरेन. सात वर्षांनी एका अपघाताचं खापर फोडायला डोकं शोधणं, याला दुसरा शब्द मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होते. अठ्ठावीस वर्षांत माझ्या एका कागदावर कोणी बोट ठेवलेलं नाही. ज्या वॉर्डात मी शिकवायला जाते तिथे माझ्या घराविषयी कुजबुज झाली, तर ती कोणी सुरू केली हे मला ठाऊक असेल.

डॉक्टरांवर सोपवा. शिवणाच्या मशीनवर बसून औषधं ठरत नाहीत.

यापुढे तुमचं पत्र आलं तर न फोडता परत पाठवीन.

२२ फेब्रुवारी

वन्सं,

न फोडता परत पाठवाल म्हणून पेनवालीकडून दवाखान्याचं पाकीट मागून घेतलंय, शिक्क्याचं. शिक्क्याचं पाकीट तुम्ही परत पाठवणार नाही. ती म्हणाली, "काकू, मॅडमनी माझी तक्रार केली तर?" मी म्हटलं, "केली तर त्यांना तुझं नाव लिहावं लागेल आणि तू काय विचारलंस तेही लिहावं लागेल."

काल खारू उठली.

नुसती उठली नाही. वॉर्डातल्या सगळ्या बायकांचे चष्मे गोळा करून ओढणीने पुसले, डोळे तपासले, पलंगांवर आकडे लिहून अंतर मोजलं. वॉर्डाच्या मावशींना म्हणाली, "मावशी, तुमचा नंबर वाढलाय, म्हणून तुम्हाला माझ्या ताटातलं मोठं दिसतं." सगळा वॉर्ड हसला. मावशी मला म्हणाल्या, "सुधारली हो पोर तुमची." रात्रभरात ती दोनच तास झोपली. मला म्हणाली, "आई, मी सापडले. इथे तर मी खूपच आहे."

हे मी एकदा पाहिलंय आणि तेव्हा हसले होते. या वेळी हसले नाही. पाचवा आठवडासुद्धा लागला नाही. तिसरा चालू आहे.

डॉक्टरांनी गोळी निम्मी केलीय. बंद करून दुसरं काय द्यायचं हे शुक्रवारच्या फेरीत ठरेल. ते म्हणतात, घराण्यात कोणाला काय झालं होतं आणि कोणत्या औषधाने गुण आला ते कळलं तर चाचपडावं लागणार नाही.

तेव्हा आता खुर्चीत बसा, वन्सं. तुम्ही अठ्ठावीस वर्षं विचारलंत, आज मी विचारते.

तुमचा हात कधीपासून थरथरतो? मी घरात नवी होते तेव्हा तुम्ही सुईत दोरा ओवून द्यायच्या, माझ्याहून चटकन. पुढे कधीतरी तुमचा कप बशीत वाजायला लागला. मी म्हटलंसुद्धा, "वन्सं, बँड लावलाय का?" तुम्ही कप ठेवून दिलात आणि मग आमच्याकडे कधी चहा घेतला नाहीत. मामंजींचा कप तसाच वाजायचा. म्हातारपण असेल म्हणून मी तो अर्धाच भरायची. ते म्हातारे नव्हते, पन्नाशीही उलटली नव्हती, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

पाणी किती पिता? त्यांच्या उशाशी दोन बाटल्या असायच्या. तुमच्या पर्समध्ये एक असते.

रक्त कशासाठी तपासता? दर तीन महिन्यांनी, न चुकता. थायरॉईड म्हणून सांगता. माझ्या गिऱ्हाइकांत दोघींना थायरॉईड आहे. त्या गोळी सकाळी उठल्या उठल्या घेतात, उपाशीपोटी. तुम्ही रात्री जेवल्यावर घेता, भिंतीकडे तोंड करून.

तुमच्या यजमानांना माहीत आहे का? नसावं. ज्या घरात पत्रं फोडली जातात त्या घरात बाईने काय काय लपवायला शिकावं लागतं, ते मी समजू शकते. समजू शकते एवढंच.

हे मी अजून पेनवालीला सांगितलेलं नाही. ते सांगायचा हक्क तुमचा. पण शुक्रवारी सकाळी दहाला फेरी आहे. तोवर तुमचं उत्तर आलं नाही तर मी जे डोळ्यांनी पाहिलं ते बोलेन: कप, पाणी, रक्त. हलक्या शब्दाची बाई आहे, पण गप्प बसायची नाही.

म्हणून तिसऱ्यांदा, तिसऱ्या तऱ्हेने: तुमच्या घरात कोण कोणती गोळी घेतं?

२४ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही जिंकलात असं समजू नका. हे पत्र माणसाच्या हाती पाठवते आहे. दुसरी प्रत सही-शिक्क्यासह डॉक्टरांकडे गेली आहे, तुमच्या आधी.

वडील. पस्तिसाव्या वर्षापासून उदासीचे झटके. बेचाळिसाव्या वर्षी उन्माद: सहा दिवस झोप नाही, घरातलं सामान रस्त्यावर नेऊन वाटून टाकलं. आठ महिने मनोरुग्णालयात. औषध: लिथियम. गुण: उत्तम. पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, आजार उलटला नाही. मृत्यू हृदयविकाराने. दर महिन्याला रक्त तपासायला त्यांना मी घेऊन जात असे, वय वर्षे सतरापासून.

मुलगा. छपन्नाव्या वर्षी उदासी. गोळीच्या पाचव्या आठवड्यात उन्माद. उपचार झाले नाहीत. मृत्यू कामावर.

मुलगी, म्हणजे माहिती देणारी. छत्तिसाव्या वर्षी उदासी, नंतर उन्माद. पाठीचं दुखणं सांगून तीन महिने रजा, परगावी उपचार. बावीस वर्षं लिथियम. गुण: उत्तम.

हा कागद मी हजारो लोकांचा भरला असेल. आपल्या घराचा भरायला चोवीस मिनिटं लागली.

कारण तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते. आई म्हणाली होती, दादाला कळता कामा नये, त्याचं लग्न व्हायचंय. लग्न झालं. मग तुम्ही आलात, तुम्हाला कळता कामा नये. मग मला नोकरी लागली, तिथे कळता कामा नये. मग माझं लग्न. पुढे तर माझंच काही कळता कामा नये असं झालं. रोज समोरच्या माणसाच्या हातांकडे बघून तो काय लपवतो ते ओळखायचं आणि स्वतःचे हात टेबलाखाली ठेवायचे, याची सवय होते. इतकी की दादाच्या वेळी त्या मुलाने घराण्याचं विचारलं तेव्हा मी विचार करून खोटं बोलले नाही. तोंडातून 'नाही' आलं, जसं नाव विचारल्यावर नाव येतं. त्याने पुन्हा विचारलं नाही. मी त्याची वाट पाहत होते असं लिहिणं सोपं आहे. मी वाट पाहत नव्हते.

'हेकट' मागे घेत नाही. हेकट नसतात तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. 'ताणाचे प्रमुख कारण' मात्र मागे घेते, डॉक्टरांच्या प्रतीत तसं लिहिलं आहे. मला कुठलं तरी कारण द्यायचं होतं आणि तुम्ही बाहेर बाकावर होता.

आमच्या ह्यांना आज संध्याकाळी सांगेन. त्याची चौकशी करू नका.

विश्वासार्हतेचा रकाना रिकामा ठेवला आहे. तो माहिती देणाऱ्याने भरायचा नसतो.

१९ मार्च

वन्सं,

शुक्रवारी फेरीच्या आधीच गोळी बंद झाली. त्याच दिवसापासून खारूला तुमचं औषध आहे. पहिला आठवडा वाईट गेला, त्याचं वर्णन तुम्हाला करायची गरज नाही. आता सहा तास झोपते. भिंतीकडेही तोंड नाही आणि पलंगांवर आकडेही लिहीत नाही. मधल्या जागी आहे, जरा मंद आहे, पण तीच आहे. काल चहा घेताना तिचा कप वाजला. माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्यासारखा." मी तिला काही सांगितलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानातली पोरगी, तिला आधीपासून दिसत असणार.

पेनवालीची तक्रार तुम्ही केली नाहीत, हे तिने सांगायला सांगितलंय. तुम्ही या महिन्यात शिकवायला आला नाहीत, हेही तिनेच सांगितलं. त्याची चौकशी मी करत नाही, तुम्ही नको म्हणालात.

रक्त पुढच्या सोमवारी तपासायचंय. सकाळची तपासणी, गोळी आदल्या रात्री किती वाजता द्यायची, ते एका ओळीत कळवा. यायची गरज नाही.

एक गोष्ट झाली ती मात्र सांगायला हवी. पेनवालीने तुमचा कागद फाइलीत लावला आणि रिकाम्या रकान्यापाशी अडली. पेन टकटक करत बसली. म्हणाली, "काकू, मॅडमच्या माहितीवर मी काय शेरा लिहू? तुम्ही त्यांना चौतीस वर्षं ओळखता. तुमचं मत सांगा."

मी म्हटलं, "विश्वासार्ह."

तिने लिहिलं. मग म्हणाली, "आणि पुरेशी?"

मला ती खुर्ची आठवली. हे खुर्चीवर उभे होते, हात वर, चालता बल्ब काढत होते. तुमची पर्स त्याच खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती. यांच्या पायांपासून वीतभर. त्या पर्समध्ये पाण्याची बाटली होती आणि गोळ्या होत्या, आणि गोळ्यांचं नाव तुम्हाला माहीत होतं. तुम्ही उठलात, पर्स काढून घेतलीत आणि परत जागेवर जाऊन ती मांडीवर घेऊन बसलात. पर्स खाली पडेल म्हणून घेतली, असं मला सात वर्षं वाटत होतं.

मी म्हटलं, "पुरेशी नाही."

तिने तसंच लिहिलंय.